पोदोरच्या वानची तक्रार

लातीर जूफला मासा वाढताना ज्यानं पाहिलं नाही त्यानं शेजारच्या साली गावाला येऊन काय पाहिलं, असं आमच्या म्बूरमध्ये लोक म्हणत. म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांनी लातीर जिथं कामाला होता त्या रिसॉर्टचं फाटकसुद्धा ओलांडलेलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी. पण लातीरचा अभिमान अख्ख्या गल्लीला होता. रिसॉर्टच्या आत समुद्राच्या अंगाला एक फ्रेंच रेस्टॉरंट होतं. काचेच्या भिंती, पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, एकेका माणसापुढे तीन-तीन ग्लास. त्याला लांबलचक फ्रेंच नाव होतं, पण तिथं काम करणारे त्याला नुसतं ‘हॉल’ म्हणत. त्या हॉलमध्ये लातीर एकतीस वर्षं उभा होता.

उभा म्हणजे खरोखर उभा. एकतीस वर्षांत तो तिथल्या एकाही खुर्चीवर टेकला नाही. सकाळी अकराला हॉलची माणसं स्वयंपाकघरामागच्या पडवीत एका मोठ्या वाडग्याभोवती बसून हातानं मासेभात खात, हात धुवून गळ्याला बो लावत, आणि साडेबाराला हॉलचं दार उघडलं की लातीरची पाठ जी ताठ व्हायची ती शेवटचा पाहुणा उठेपर्यंत.

तो मूळचा फिमेलाकडचा, खाडीकाठच्या सेरेर जमातीचा. अठ्ठाविसाव्या वर्षी रिसॉर्टमध्ये भांडी घासायला लागला. त्या वेळचा आचारी ब्रिटनीचा एक तापट फ्रेंच म्हातारा होता. त्यानं या नव्या गड्याचे हात पाहिले आणि दोन चांदीचे चमचे त्याच्या हाती दिले. सोल नावाचा चपटा मासा लोण्यात सोनेरी भाजून पाहुण्यासमोर आणायचा, आणि तिथंच, पाहुण्याच्या डोळ्यांदेखत, या दोन चमच्यांनी त्याचे काटे काढायचे. सुरी लावायची नाही. “मासा एकदा मेलेला आहे, त्याला परत कशाला मारतोस?” असं तो म्हातारा ओरडायचा. लातीर सहा महिने उरल्यासुरल्या माशांवर हात बसवत राहिला. सातव्या महिन्यात त्यानं मधला काटा डोक्यापासून शेपटीपर्यंत अखंड उचलून बाजूला ठेवला, तेव्हा म्हातारा आत गेला आणि भटारखान्यात कुणाच्या तरी अंगावर खेकसला. लातीरनं ती शाबासकी समजून घेतली.

पुढे तो हॉलचा मुख्य वाढपी झाला. लग्न झालं, तीन पोरी झाल्या, पोरींची लग्नं झाली. बायको दिबोर म्बूरच्या किनाऱ्यावर मासे खारवून वाळवण्याचं काम करी. एकाच घरात एक माणूस लोण्याच्या वासाचा आणि एक खाऱ्या माशांच्या. दिबोर म्हणे, “आमच्या घरात समुद्र दोन दारांनी येतो. पुढच्या दारानं कोट घालून, आणि मागच्या दारानं माझ्या डोक्यावर बसून.”

निवृत्तीला आठ महिने उरले होते. लातीरला आता एवढंच हवं होतं, की शेवटच्या दिवशी आपण हॉलमधून बाहेर पडावं, दुसऱ्या कुठल्या खोलीतून नाही. असं हवंसं वाटायला कारण होतं. त्याच्या नावावर एक लेखी ताकीद चढली होती.

त्याचं असं झालं. आम्हा सेरेर लोकांचं आणि तुकुलर लोकांचं नातं थट्टेचं. मेव्हण्या-मेव्हण्यांची चालते तशी, पण इथं सगळ्या जमातीची सगळ्या जमातीशी. तुकुलर दिसला की सेरेरनं त्याला आपला गुलाम म्हणायचं, त्यानं सेरेरला भातखाऊ म्हणायचं. ओळख लागत नाही, वय लागत नाही, हुद्दा तर मुळीच लागत नाही. मंत्री असो की हमाल, आडनाव कळलं की आधी शिव्या आणि मग रामराम. आणि गंमत अशी, की या थट्टेवर रागवायचं नसतं, आणि थट्टा केलेल्याचं वाईट कधी चिंतायचं नसतं. त्याच्या घरी दुःख झालं तर थट्टेकऱ्यानं सगळ्यात आधी जायचं आणि मयताच्या दारातही थट्टाच करायची. लोक रडता रडता हसतात, त्यांना श्वास घ्यायला फट सापडते. दुसरं कुणी तसं केलं तर मार खाईल, थट्टेकऱ्याला मात्र जेवू घालतात.

आता हे मादाम बेरांजेला कोण सांगणार? मादाम हॉलची मुख्य होऊन चौदा महिने झाले होते. बाई वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही तिच्यावर दात खायला लागाल. कामाला वाघीण, नोकरांच्या पोराबाळांची नावं पाठ. पण पाहुण्याशी तिसरं वाक्य बोलायचं नाही, हा तिचा नियम. लातीरनं राजधानी डाकारच्या एका तुकुलर बँकवाल्याला पावाची टोपली पुढे करताना “घे, मालकाच्या घरचं आहे, लाजू नकोस” म्हटलं. बँकवाला खो खो हसला. पण त्याच्याबरोबरच्या परदेशी पाहुण्यानं जाताना तक्रार केली. मादामनं ताकीद लिहिली आणि बजावलं, “मिस्यू जूफ, आणखी एक तक्रार आली तर मला तुम्हाला हॉलमधून हलवावं लागेल.”

लातीर घाबरला. खोटं कशाला बोला, चांगलाच घाबरला. तेव्हापासून पाहुण्यांच्या वहीत बा, ली, कान असं एखादं तुकुलर आडनाव दिसलं की तो जीभ दातांखाली धरी.

त्या रविवारी दुपारी वहीत सात नंबरच्या टेबलासमोर लिहिलं होतं, वान, दोन माणसं. वान म्हणजे तुकुलरच.

वान आले. म्हातारा सत्तरी ओलांडलेला, उंच, इस्त्रीचा निळा झगा, डोक्यावर पांढरी टोपी. बरोबर मुलगा, चाळिशीचा, अंगात सूट. मुलाचं नाव येरो, हे बोलण्यातून कळलं. तो बोर्दोला इंजिनियर होता आणि परवा परत जाणार होता. म्हाताऱ्याचं नाव हमादी. थिएस शहरात स्टेशनमास्तर होता, तिथंच राहिला, पण घराणं उत्तरेकडच्या पोदोरचं, तुकुलरांच्या मुलखातलं.

येरोनं भरमसाट मागवलं. कांद्याचं सूप आलं, त्यावरचं चीज थंड होऊन त्याची कातडी झाली. म्हाताऱ्यानं चमचा उचलला नाही. हात मांडीवर ठेवून तो समोरच्या मिठाच्या भांड्याकडे पाहत बसला होता.

“बाबा, दोन घास तरी,” येरो हळू आवाजात म्हणत होता. “आईला काय वाटेल? तिचा चाळिसावा होऊन आठ दिवस झाले. ती गेल्यापासून तुम्ही नुसत्या चहावर आहात. मी परवा विमानात बसू की नको, सांगा.”

म्हातारा म्हणाला, “बस की.”

“मग खा.”

“खातो.”

पण खाल्लं नाही. लातीरनं सूप उचललं, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की म्हाताऱ्याच्या झग्याची गळपट्टी मानेपासून दोन बोटं सुटलेली आहे. माणूस झग्याच्या आत आक्रसत चालला होता.

भटारखान्यातून सोल आला. लातीरनं तो सात नंबरच्या शेजारी चाकांच्या टेबलावर ठेवला आणि चमचे हातात घेतले. समोर आठ महिने होते, पलीकडे दाराशी मादाम उभी होती, आणि इथं हातभर अंतरावर एक तुकुलर दुःखात बसला होता, ज्याच्या दारी चाळीस दिवसांत एकही सेरेर गेलेला दिसत नव्हता. लातीरनं पहिला चमचा माशाच्या कण्यावर ठेवला. मनात म्हटलं, गप्प बस. दुसरा चमचा ठेवला. आणि त्याच्या तोंडून शब्द निघून गेले. बाजारात सगळे बोलतात त्या वोलोफ भाषेत, अगदी हळू, पण गेले.

“वान ना तू? पोदोरचा? तरीच म्हटलं, मालकासमोर टोपी घालून कोण बसलंय.”

म्हाताऱ्यानं मान वर केली. आत्तापर्यंत त्यानं या वाढप्याकडे पाहिलंच नव्हतं.

“तू कोण?” तो म्हणाला.

“जूफ.”

“जूफ.” म्हाताऱ्यानं तो शब्द जिभेवर घोळवला. “सेरेर? आणि तुझ्या हातात चमचे कुणी दिले? तुमच्याकडे तर फावड्यानं जेवतात.”

“तुझा आजा आम्हाला विकला ना, त्याच्यासोबत फुकट आले.”

“माझा आजा? अरे, माझ्या आज्यानं तुझ्या आज्याला एका वाडगाभर भातावर विकत घेतला. आणि संध्याकाळी त्या भातासकट परत आणून सोडला, कारण त्याला पोसणं परवडेना!”

“खोटं. भात परत आला असेल तर तो सेरेर नव्हेच.”

म्हाताऱ्याच्या घशातून एक आवाज आला. खोकला की काय, असं येरोला वाटलं, त्यानं पाण्याचा ग्लास पुढे केला. पण ते हसू होतं. बऱ्याच दिवसांत वापरलं नव्हतं म्हणून गंजलेलं होतं, एवढंच. लातीरनं काटा अखंड उचलला, माशाचे चार पांढरे तुकडे ताटात मांडले, वरून लोणी सोडलं आणि म्हणाला, “खा गुलामा. मालकाच्या हातचं टाकून देऊ नये.”

“खातो. तुझ्यासाठी उरू नये म्हणून खातो.”

आणि खायला लागला. घास घेई, एक शिवी देई. लातीरनं लिंबू पिळलं, तर म्हणाला, “बोटं धुतलीस का? सेरेर लोक वर्षातून एकदा धुतात, पेरणीच्या आधी.” लातीर म्हणाला, “धुतली, पण तू आलास म्हटल्यावर परत मळवून घेतली, उगाच तुला अवघडल्यासारखं व्हायला नको.” म्हातारा इतका हसला की टोपी घसरली. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मग ते पाणी थांबेना. हसू थांबलं तरी थांबेना. त्यानं रुमालात तोंड लपवलं, खांदे हलले, आणि मग रुमाल खाली ठेवून परत चमचा उचलला. सगळा मासा संपवला. बटाटे संपवले. पावानं ताट पुसून काढलं.

येरोला लहानपणीच शिकायला बोर्दोला पाठवलेलं, तिथंच वाढलेला. घरच्या भाषेतलं त्याला जेमतेम कळे, वोलोफ त्याहून कमी. पण गुलाम हा शब्द कळायला भाषा किती लागते? आईला जाऊन दीड महिना झालेला, बाप चारचौघांत रडतोय, आणि एक वाढपी त्याला तीन-तीनदा गुलाम म्हणतोय. तो उठला तो थेट मादामकडे गेला. मला विचाराल तर त्याचंही चुकलं नाही. माझ्या बापाला कुणी असं म्हटलं असतं आणि मला रीत ठाऊक नसती, तर मी ताट भिरकावलं असतं.

मादाम आली. तिला म्हाताऱ्याचे लाल डोळे दिसले.

“मिस्यू वान,” ती वाकून म्हणाली, “तुमच्या चिरंजीवांनी मला सांगितलं. मला तुमच्याकडूनच ऐकायचं आहे. या माणसानं तुमचा अपमान केला का?”

बास. इथं सगळं होतं. म्हाताऱ्यानं नुसतं ‘नाही’ म्हटलं असतं, तर लातीर निवृत्त होईपर्यंत हॉलमध्ये राहिला असता. पण तुम्ही तुकुलर असाल, सत्तरीचे असाल, चाळीस दिवसांनी तुमच्या तोंडाला पहिल्यांदा चव आली असेल, शेजारी सेरेर उभा असेल आणि कुणी तरी विचारलं, यानं तुमचा अपमान केला का, तर तुम्ही नाही म्हणाल? जिंकत आलेला डाव कुणी सोडतं का?

हमादी वान ताठ बसला. स्टेशनमास्तरचा चेहरा केला. आणि अस्सल जुन्या शाळेतल्या फ्रेंचमध्ये म्हणाला, “होय मादाम. हा इसम आमच्या घराण्याचा पळून गेलेला गुलाम आहे. अतिशय उर्मट. तुम्ही त्याला चमचे देऊन डोक्यावर चढवून ठेवलंय. माझं ऐकाल तर आजच्या आज हाकला.”

चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. थट्टा अशीच करायची असते, हसत केली तर ती कच्ची. लातीरला तो टोला इतका आवडला, की तो भर हॉलमध्ये, मादामच्या तोंडासमोर, मोठ्यानं हसला.

जाताना म्हाताऱ्यानं बाजूला काढून ठेवलेला तो अखंड काटा रुमालात गुंडाळून लातीरच्या हातावर ठेवला. “घे, तुझं बक्षीस. पोराबाळांना उकडून घाल.” आणि झग्याचा सोगा खांद्यावर टाकून, आला होता त्याहून चार बोटं उंच होऊन, निघून गेला.

मादामच्या खोलीत लातीरनं सांगायचा प्रयत्न केला.

“मादाम, आमच्यात असंच बोलतात. ते थट्टा करत होते.”

“मिस्यू जूफ, पाहुणे स्वतः म्हणाले.”

“तीच तर थट्टा.”

“ते रडत होते.”

“आधी हसत होते, मादाम. मग रडले. ते बरं झालं.”

मादामनं पेन खाली ठेवलं. “माणसाची बायको गेलेली. त्याला तुम्ही गुलाम म्हणता, तो रडतो, आणि तुम्ही म्हणता बरं झालं. आणि मी उभी असताना हसता. मी तुमच्या जागी कुणालाही काढून टाकलं असतं. तुमची एकतीस वर्षं आहेत म्हणून फक्त खाली पाठवते.”

खाली म्हणजे तळघरातली कापडाची खोली. हॉलचे टेबलक्लॉथ, रुमाल, सगळं तिथं धुऊन येई, आणि स्टार्च करून, घड्या घालून वर जाई. वाफेनं भिंती घामेजलेल्या. समुद्र दिसत नाही, फक्त नळातून ऐकू येतो. लातीरनं बो काढून खिशात ठेवला आणि घड्या घालायला लागला.

घरी दिबोरनं सगळं ऐकून घेतलं. मग कमरेवर हात ठेवले.

“त्या म्हाताऱ्याला फोन करा.”

“नाही.”

“नंबर आहे ना वहीत?”

“आहे.”

“मग? एक शब्द त्या बाईला सांगेल, तुम्ही उद्या वर. जीभ त्यानं हलवली, पाय तुमचा मोडला. इतकं तरी करेल की नाही?”

“करेल. धावत येईल करायला.” लातीर बूट काढत होता, एका नाडीशी बराच वेळ झटत राहिला. “आणि मग त्याला कळेल, की बायको गेल्यावर पहिल्यांदा हसलो त्याचा हा परिणाम झाला. मग परत हसेल का तो? दिबोर, तो जेवला गं. सगळं ताट पुसून जेवला. आता मी जाऊन त्याच्या घशात बोटं घालू?”

“तो जेवला, आणि तुम्ही तळघरात.”

“मग काय माफी मागायला लावू त्याला? तुकुलरानं सेरेरची माफी मागायची? त्यानंतर नातं काय उरलं? अहो-जाहोच ना?”

“तुमच्या त्या थट्टेला मीठ लावून वाळत घालते मी,” दिबोर म्हणाली. “आठ महिने पुरेल.” पण बोलताना तिनं त्याची नाडी सोडवून दिली. रात्री त्याचा कोट तिनं ब्रश करून खुंटीला लावला, रोजच्यासारखा, आणि तो उद्या लागणार नाही हे दोघांनाही माहीत होतं.

आठवडा कसा गेला ते लातीरलाच माहीत. वरून रुमाल खाली येत, त्यांवरच्या डागांवरून त्याला कळे आज काय गेलं. बीट, रेड वाइन, सोलचं लोणी. एका रुमालात त्याला माशाचा बारीक काटा सापडला. म्हणजे नव्या वाढप्याचा चमचा चुकला होता, आणि तो काटा पाहुण्याच्या तोंडात जाऊन बाहेर आला होता. लातीरला राग आला, मग स्वतःचीच कीव आली. खोलीत कुणी नव्हतं, म्हणून तो रडला. एकतीस वर्षांची सवय, पाहुण्यांचा रुमाल स्वतःच्या तोंडाला न लावण्याची, म्हणून बाहीनंच डोळे पुसले.

पुढच्या रविवारी एक वाजायच्या सुमाराला तळघराच्या जिन्यावर पावलं वाजली. दोन जणांची. दार उघडलं आणि वाफेत आधी मादाम दिसली, तिच्यामागं निळा झगा.

येरो बोर्दोला गेला होता. म्हातारा थिएसहून सात सीटांच्या टॅक्सीत कोंबून घेऊन, एकटा, जेवायला आला होता. सात नंबरला बसून त्यानं विचारलं, “माझा गुलाम कुठाय?” आणि मादामनं, बिचारीनं, कर्तव्य केल्याच्या समाधानानं सांगितलं, “तुमच्या तक्रारीची दखल घेतली, मिस्यू. त्याला हॉलमधून काढलंय.”

आता तो दारात उभा होता, आणि परत झग्याच्या आत आक्रसला होता. टोपी हातात होती.

“मिस्यू जूफ,” मादाम म्हणाली. ती गोंधळलेली होती, आणि ते लपवत नव्हती. “मिस्यू वान म्हणतात, की तुम्ही त्यांचे भाऊ आहात. मी त्यांना म्हटलं, ‘तुम्हीच तर याला गुलाम म्हणालात.’ तर हे म्हणतात, म्हणालो, म्हणूनच भाऊ. मला काही कळलं नाही. तुम्ही मला सरळ सांगा. त्या दिवशी काय झालं?”

लातीरनं तोंड उघडलं. पण त्याआधी म्हातारा पुढे झाला, आणि एकेक शब्द दगड उचलल्यासारखा उचलत म्हणाला, “लातीर जूफ. माझं चुकलं. मला...”

लातीरनं ओळखलं. आता हा माणूस माफी मागणार, आपण असू दे म्हणणार, आणि मग दोन सभ्य म्हातारे एकमेकांना नमस्कार करून आपापल्या घरी जाणार. त्याला हॉल हवा होता, फार हवा होता, पण या किमतीला नको होता.

“मादाम,” तो मोठ्यानं म्हणाला, “याचं एक अक्षर खरं धरू नका. गुलाम मी नाही, हा आहे. मागच्या रविवारी माझ्या परवानगीशिवाय जेवून गेला, आज परत आलाय. कापडाची खोली पाहायला नाही, उष्टं मिळतंय का ते पाहायला.”

म्हातारा थांबला. माफी ओठांवरच राहिली. त्यानं हातातली टोपी हळूच डोक्यावर चढवली.

“मादाम,” तो म्हणाला, “याला इथंच ठेवा. वाफेत ठेवल्यानं सेरेर मऊ होतात.”

“तुकुलर होत नाहीत. आम्ही उकडून पाहिलेत.”

मादामनं एकाकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं. दोघांचे डोळे भरलेले, आणि दोघांची तोंडं हसण्यानं फाकलेली. चौदा महिन्यांत तिला पहिल्यांदा नियमाच्या वहीत सापडणार नाही असं काहीतरी दिसलं असावं.

“तुमच्या बदलीचा कागद डाकारच्या ऑफिसात गेलाय,” ती शेवटी म्हणाली. “तो परत येईल की नाही, मला सांगता येत नाही. मी लिहीन. पण रविवारी सात नंबरला कोण वाढणार, एवढं मी ठरवू शकते.” आणि ती जिना चढून गेली. वर पोचेपर्यंत तिच्या पावलांचा आवाज नेहमीपेक्षा सावकाश येत होता.

म्हातारा धुतलेल्या टेबलक्लॉथच्या गठ्ठ्यावर बसला. लातीरनं खिशातून बो काढला, पण तो लावायला आरसा नव्हता, म्हणून चाचपडत राहिला.

“माझी बायको ताक्को येरोकडं बोर्दोच्या दवाखान्यात वारली,” हमादी म्हणाला. “विमानानं आणली, पोदोरला नेली. सगळे कसे चांगले वागले. हळू बोलत होते, हळू चालत होते. चाळीस दिवस कुणी मला एक शिवी दिली नाही. मला वाटलं, तिच्याबरोबर मलाही पुरलंय.”

लातीरनं बोची गाठ सोडून परत बांधायला घेतली.

“माझ्या मुलाला हे येत नाही. त्याचा दोष नाही. पण मी गेलो, की माझ्या दारातही तो तसाच हळू बोलेल.” म्हाताऱ्यानं लातीरकडे पाहिलं. “तू येशील ना?”

“खात्री झाल्याशिवाय येणार नाही,” लातीर म्हणाला. “तू तुकुलर. जेवण वाचवायला मेल्याचं सोंग करशील.”

“खात्री करून ये. चिमटा काढून बघ.”

“आणि मी आधी गेलो तर?”

“मग मी येईन,” म्हातारा म्हणाला. “तुझ्या दारात उभा राहून सगळ्यांना सांगेन, हा चोर होता, खादाड होता, आमच्या घरचा पळपुटा होता.” तो थांबला. “आणि सांगेन, की यानं वाढलेल्या माशात कधी काटा लागला नाही. बाकी सगळं थट्टेनं सांगेन. तेवढं खरं सांगेन.”

  लातीरनं तोंड फिरवलं आणि नीट घडी घातलेला एक रुमाल उलगडून परत घडी घालायला घेतला.